‘विचार करावा’ : बोले ठराव, महाडची नगरपालिका आणि सरकारी धोरणाचा प्रवास

२० मार्च जवळ आला की आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर चवदार तळ्याचे फोटो फिरू लागतात. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले आणि हजारो वर्षांची बंदी मोडली, असे आपण सांगतो. ते खरेच आहे. पण या सांगण्यात एक प्रश्न नेहमी सुटून जातो. १९२७ साली आपली माणसे तळ्यावर गेली तेव्हा सरकारी कागदावर ते तळे बंद नव्हतेच. मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. म्हणजे कागदावर तळे तीन वर्षांपूर्वीच खुले झाले होते. मग खुल्या तळ्यावर सत्याग्रह कशाला करावा लागला?

चळवळीतल्या तरुणांनी या प्रश्नापाशी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. धोरण वरच्या सरकारात कसे ठरते आणि गावच्या वेशीपर्यंत येता येता त्याचे काय होते, हे समजायला कुठल्या परदेशी पाठ्यपुस्तकाची गरज नाही. आपल्या महाडच्या कागदपत्रांत ते सगळे आहे.

आधी त्या काळातली सत्तेची रचना लक्षात घेऊ. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, लोकांनी आपला कारभार आपण शिकावा, असा त्याचा हेतू. शाळेच्या पुस्तकात रिपनला स्थानिक स्वराज्याचा जनक म्हणतात ते यामुळे. पण मतदानाचा हक्क मिळकतीला आणि कराला बांधलेला. ज्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तो या ‘स्व’राज्यात कुठे बसणार? त्यामुळे नगरपालिका म्हणजे गावातल्या सावकार, वकील, जमीनदारांची बैठक झाली. पुढे १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतात दुहेरी राज्यपद्धती आणली. पोलीस, महसूल ही खाती गव्हर्नरच्या राखीव विभागात राहिली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे ‘सोपीव’ झाली. अस्पृश्यांच्या रोजच्या जगण्याशी ज्यांचा संबंध, म्हणजे शाळा, दवाखाना, विहीर, ती सगळी नेमकी याच सोपीव खात्यांत आली.

तत्त्व एक आणि अंमल दुसरा, हा प्रकार मात्र याहून जुना. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला नकार मिळाला. त्याने सरकारकडे दाद मागितली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुंबई सरकारचे म्हणणे असे पडले की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी बाकीच्या विद्यार्थ्यांवर सहवास लादणे शहाणपणाचे नाही, शाळाच ओस पडेल. प्रकरण वर गेले. लंडनच्या संचालक मंडळाने तत्त्व स्पष्ट केले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत. १८८२ च्या हंटर आयोगानेही ते तत्त्व उचलून धरले आणि त्याच दमात सावधगिरीचा सल्लाही दिला. लंडनला तत्त्व पटले, हंटरला पटले, फक्त धारवाडच्या वर्गाचे दार उघडायला कोणी गेले नाही. बाबासाहेबांनी पुढे हे धारवाडचे प्रकरण मुद्दाम उकरून काढले, ते उगाच नाही.

आता १९२३ कडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला. बोले भंडारी समाजातले, ब्राह्मणेतर चळवळीतले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांत काम केलेले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कार सभेचे अध्यक्ष हेच बोले होते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या ठरावाचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवले जाणारे, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत. ठराव संमत झाला. यातला मुद्दा किती पक्का होता पाहा. बोल्यांनी धर्माचा वाद घातला नाही, दयेची भीक मागितली नाही. पैसा सार्वजनिक असेल तर वापरही सार्वजनिक, एवढेच ते म्हणाले. पण त्या काळच्या कायदेमंडळाचा ठराव ही सरकारला केलेली शिफारस असे. तिला कायद्याचे बळ नव्हते. ते बळ सरकारच्या हुकुमाने द्यायचे होते.

हुकूम निघाला ११ सप्टेंबर १९२३ ला. आमच्या मते आपल्या अभ्यासवर्गांत बोले ठरावापेक्षा हा हुकूम जास्त वाचला पाहिजे. त्यात एका ठरावाचे दोन तुकडे केले आहेत. ज्या जागा आणि संस्था सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या, तिथे खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी. आणि नगरपालिका, लोकल बोर्डे? त्यांच्याबाबत कलेक्टरांना कळवले गेले की आपल्या हद्दीतल्या या संस्थांना ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय, याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा.

सल्ला द्यावा. विचार करावा. तहसील कचेरीत एकदा तरी अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला सरकारी भाषेतल्या ‘विचार करावा’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि गंमत अशी की ज्या विहिरी आणि तळ्यांसाठी हा ठराव होता ती बहुतेक नगरपालिकांच्या आणि बोर्डांच्याच ताब्यात होती. सरकारने कोर्टाच्या आणि कचेरीच्या पायऱ्या खुल्या केल्या, पाणी मात्र सल्ल्यावर सोडले.

शेजारीच कोल्हापूर संस्थान होते. तिथे शाहू महाराजांनी १९१९ मध्येच सार्वजनिक पाणवठे, दवाखाने, शाळा यांत अस्पृश्यांना मज्जाव करू नये असे हुकूम काढले होते. हुकूम, सल्ला नव्हे. आम्ही राजेशाहीची तरफदारी करत नाही. पण एका बाजूला संस्थानिकाचा हुकूम आणि दुसऱ्या बाजूला निवडलेल्या कायदेमंडळाचा ठराव ठेवून पाहिले की लक्षात येते, दुबळेपणा लोकशाहीत नव्हता. ठरावातून हुकूम लिहिताना तो कारकुनी शब्दांतून आणला गेला.

महाडमध्ये मात्र ‘विचार’ झाला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक गावात होते. ५ जानेवारी १९२४ रोजी नगरपालिकेने अस्पृश्यांना तळे वापरू देण्यास आपली हरकत नाही, अशा आशयाचा ठराव केला. कोलाबा जिल्ह्यातल्या एका लहान गावाने मुंबईच्या ठरावाला मान दिला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण ठरावानंतर काय? तळ्यावर पाटी लागली नाही, दवंडी पिटली गेली नाही. अस्पृश्य पाणी भरायला आला तर त्याला मारहाण होणार नाही, याची जबाबदारी कोणी घेतली नाही. तळ्याच्या भोवती वस्ती सवर्णांची. तीन वर्षे ठराव नगरपालिकेच्या दप्तरात आणि आपली माणसे लांबच्या पाण्यावर.

दरम्यान बोले स्वस्थ बसले नव्हते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी आणखी एक ठराव मांडला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ चा ठराव अमलात आणत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. हा त्यांच्या राजकारणातला सगळ्यात धारदार भाग, आणि आपल्या स्मरणातून सगळ्यात जास्त पुसला गेलेलाही हाच. सल्ल्याला दात फुटतात ते पैशाने, हे त्यांनी तीन वर्षांत ओळखले होते.

हेच बाबासाहेबांनाही ठाऊक होते, आणि ते फार खोलवर. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध, जो १९२५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा होता. केंद्र प्रांतांना आधी नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेले महसूल आणि शेवटी वाटून घेतलेले महसूल कसकसे देत गेले, याचा तो बारकाईचा हिशेब आहे. सत्तेचे विकेंद्रीकरण भाषणात होते की खजिन्यात, हे त्यांनी तिशीच्या आतच तपासले होते. १९२७ च्या सुरुवातीला ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या आठच दिवस आधी, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारला विचारले की माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करता आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करता, हा कुठला न्याय? सभागृहात आकडे आणि तळ्यावर ओंजळ, ही दोन्ही कामे एकच माणूस एकाच महिन्यात करत होता. आपण फोटो काढतो तो फक्त ओंजळीचा.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मुंबई कायदेमंडळाचा आणि महाड नगरपालिकेचा ठराव आहे, तर त्याची अंमलबजावणी आपणच करू, या निश्चयाने लोक रांगेने तळ्यावर गेले. म्हणजे हा सत्याग्रह कायदा मोडण्यासाठी नव्हता. तो सरकारचे धोरण अमलात आणण्यासाठी होता, ते धोरण ज्यांच्या हाती होते त्यांनी हात बांधून घेतल्यामुळे. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हे आपण सगळे जाणतो.

त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा वाचा. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली तो दिवस. मुद्दाम निवडला की योगायोग, त्यात आम्ही जात नाही. मुद्दा हा की नगरपालिकेला ठराव फिरवता आला. कारण वरून आलेला होता तो सल्ला, आणि सल्ला घेणाऱ्याला तो परत करण्याची मुभा असते. जोपर्यंत ठराव निरुपद्रवी होता तोपर्यंत तो टिकला. ज्या दिवशी कोणी तो खरा करून दाखवला त्यानंतर पाच महिन्यांत तो गेला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह पुकारला. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि १४ तारखेला त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, तळ्यावर जाणे मात्र स्थगित करावे लागले. कलेक्टर स्वतः परिषदेत आला आणि त्याने कोर्टाचा हुकूम पाळण्याची विनंती केली. बघा, सरकारचे प्रत्येक अंग इथे वेगळ्या दिशेला तोंड करून उभे आहे. कायदेमंडळ म्हणते पाणी द्या. नगरपालिका म्हणते देणार नाही. मुनसफ म्हणतो थांबा. कलेक्टर म्हणतो, माझी सहानुभूती आहे पण शांतता राखा. अस्पृश्यांच्या वाट्याला या सगळ्यांची बेरीज आली, आणि ती शून्य होती.

खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. खालच्या कोर्टात आपण जिंकलो, ठाण्याच्या अपिलात जिंकलो, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. तळ्यावरच्या त्या दिवसाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. या निकालाचा आपण विजय म्हणून उल्लेख करतो आणि तो विजय आहेच. पण निकाल कशावर लागला? तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर. न्यायमूर्तींनी असेही नोंदवले की रूढी सिद्ध झाली असती तर ती गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे काय, हे कदाचित पाहावे लागले असते. म्हणजे खरा प्रश्न कोर्टाने उघडलाच नाही. रूढी पुरेशी जुनी निघाली असती तर काय झाले असते? १९३७ साली या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते.

याच दशकात बाबासाहेब स्थानिक संस्थांबद्दल अधिकाधिक कठोर होत गेलेले दिसतात. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा ताबा स्थानिक मंडळांकडे दिला, तेव्हा बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्याविरुद्ध स्पष्ट तक्रार केली. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. सोळंकी यांच्यासह त्यांनी काम केले आणि १९३० च्या अहवालात अस्पृश्यांच्या व आदिवासींच्या परिस्थितीची नोंद प्रथमच एवढ्या पद्धतशीरपणे सरकारी दप्तरात आणली. ऑक्टोबर १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर या पंचायती आम्हाला नकोत, अशी त्यांची भूमिका होती. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्यांबद्दल जे उद्गार काढले त्यांनी अनेक गांधीवादी आजही दुखावले जातात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की ते उद्गार वाचण्याआधी महाड नगरपालिकेचा ४ ऑगस्ट १९२७ चा ठराव वाचा.

संविधान उघडले की महाडचे तिन्ही अडथळे एकेक करून काढलेले दिसतात. कलम १२ मध्ये ‘राज्य’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात स्थानिक प्राधिकरणे आहेत. म्हणजे मूलभूत हक्क नगरपालिकेवर सल्ला म्हणून येत नाहीत, बंधन म्हणून येतात. कलम १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात उपविधी, आदेश यांच्याबरोबर रूढी आणि परिपाठही धरले आहेत. म्हणजे रूढी कितीही जुनी असो, हक्काशी विसंगत असेल तर ती शून्य. हायकोर्टाने न उघडलेला प्रश्न इथे कायमचा मिटला. आणि कलम १५(२) मध्ये सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. बोल्यांचा १९२३ चा ठरावच जणू शिफारशीतून हक्क होऊन तिथे बसला आहे. याहून एक कलम फारसे कोणी पाहत नाही, ते ३५. अस्पृश्यतेच्या गुन्ह्याला शिक्षा ठरवणारा कायदा करण्याचा अधिकार त्याने फक्त संसदेला दिला, राज्यांच्या विधिमंडळांना नाही. शिक्षा देशभर एकसारखी असावी, प्रांताप्रांताच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागचा विचार. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तो याच कलमाच्या बळावर आला.

म्हणून सगळे मिटले का? पुन्हा शब्दांकडेच पाहावे लागते. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. कलम २४३घ सांगते की पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतील. असतील, म्हणजे असायलाच हव्यात. बाबासाहेबांनी १९३२ ला मागितलेली गोष्ट साठ वर्षांनी मिळाली. पण पंचायतीला अधिकार आणि विषय देण्याबाबतचे कलम २४३छ म्हणते की राज्य विधिमंडळ ते देऊ शकेल. शकेल! खुर्ची सक्तीची, अधिकार मर्जीचे. आपली बाई सरपंच होते, ग्रामपंचायतीत बाबासाहेबांचा फोटो लागतो, आणि योजना कोणत्या गल्लीतून जाणार हे ठरवणारे दुसरेच असतात. त्यात २०२२ नंतर राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिका काही वर्षे निवडणुकीविना प्रशासकांच्या हाती होत्या. म्हणजे कलेक्टरच्या जागी प्रशासक, बाकी चित्र ओळखीचे.

काही मित्र यावरून असा निष्कर्ष काढतात की सगळे दिल्लीत ठरावे, गावाच्या हाती काहीच देऊ नये. आम्हाला ते पटत नाही. धारवाडच्या मुलाच्या बाजूने तत्त्व थेट लंडनहून आले होते. वरचे सरकार चांगले असूनही ते गावात एकही माणूस उभा करत नसेल तर त्याचा चांगुलपणा दप्तरातच राहतो. आणि वरचे सरकार वाईट असेल तर काय, हे सांगायला नको. २० मार्चला रांगेत उभे राहिलेले लोक स्थानिकच होते.

तेव्हा पाण्यापासूनच सुरू करता येईल. २०१९ मध्ये केंद्राने जल जीवन मिशन जाहीर केले, घरोघरी नळ. योजना दिल्लीची, निधीत राज्याचा वाटा, पण गाव कृती आराखडा तयार होतो गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत. पाइपलाइन आधी वरच्या आळीतून जाणार की बौद्धवाड्यातून, टाकी कुठे बसणार, हे त्या आराखड्यात ठरते. त्या समितीत आपले कोण आहे आणि आराखडा मंजूर झाला त्या ग्रामसभेला आपल्यापैकी किती जण होते, हे आधी शोधा. तसेच ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले याची नोंद दप्तरात असते आणि माहितीच्या अधिकारात ती मागता येते. नुसती रक्कम मागू नका, ठरावाची प्रत मागा, ठरावाची तारीख आणि कामाच्या जागेसह. कित्येकदा ‘मागासवर्गीय वस्तीतील काम’ म्हणून लिहिलेला रस्ता वस्तीच्या फक्त शेजारून गेलेला असतो, आणि ते प्रत हातात आल्याशिवाय कळत नाही.